मुंबई ते लंडन : अंतर एक, तास वेगळे

मित्रहो, हा पृथ्वीगोल बघा. मुंबईवर बोट धरून लंडनपर्यंत दोरा ताणतो. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली असती तर रेघ होर्मुझ, इराक, तुर्कस्तान अशी गेली असती. दोरा मात्र कराचीवरून निघतो, इराण तिरका कापतो, कॅस्पियन समुद्र ओलांडतो आणि युक्रेन, पोलंड, जर्मनी करत लंडन गाठतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. तो भरतो सुमारे ७,२०० किलोमीटर.

या आकड्याला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलं की आठ तास येतात. तिकिटावर मात्र जाताना साधारण साडेनऊ-दहा तास दिसतात आणि येताना त्याहून कमी. अंतर तर बदललेलं नाही. मग हा वेळ जातो कुठे?

आधी वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. तो वाटभर ताशी १०० किलोमीटरने वाहतोय असं धरू. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८००, म्हणजे नऊ तास. येताना तो होतो १,०००, म्हणजे सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता तर सोळाच लागले असते! जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना जरूर घाला. त्रैराशिकापलीकडचं काहीतरी त्यांच्या हाती लागेल.

आता पुन्हा दोऱ्याकडे या. तो ज्या देशांवरून जातो, त्यांची परवानगी लागते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही काही महिने ते बंद होतं. म्हणजे दोऱ्याची सुरुवातच अडली आणि पुढे आणखी एक गाठ बसली. मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यायचा. वळसा म्हणजे जास्त इंधन, इंधन म्हणजे वजन, आणि ते वजन वाहून न्यायला पुन्हा इंधन. दोन देशांच्या भांडणाची किंमत प्रवासी अशी मिनिटांत मोजतो. मला हे फार खुपतं.

जमिनीवरचा वेळ थोडक्यात सांगतो. वेळापत्रकातला वेळ उड्डाणाचा नसतो. विमान गेटवरून हललं की तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी एकाच पट्टीवर सगळा भार आणि मागे रांग. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी बॉव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम, बिगिन अशा चार ठिकाणी विमानं एकावर एक थरांनी घिरट्या घालत नंबराची वाट बघतात.

तेव्हा तिकीट हातात आलं की मुंबई आणि लंडनच्या घड्याळांतला फरक आधी बघा. हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. निघण्या-पोहोचण्याच्या स्थानिक वेळांतल्या अंतरात जाताना तो मिळवा, येताना वजा करा. येतो तो खरा प्रवास. जाण्याचा आणि येण्याचा वेळ शेजारी शेजारी लिहा.