जांभळा रंग कुठे गेला?

(सांगलीजवळचं हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम. पेवांची तोंडं.)

इथे जमिनीच्या पोटात पेवं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हळद यांतच साठवली गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बोट कापलं, की इथल्या घरात अजूनही आधी हळदीचा डबा उघडतो.

(कॉलेजची लॅब. गढूळ द्रावणाची नळी.)

ती हळद जिवाणूला नेमकं काय करते, हे बघायला या मुली सकाळपासून लॅबमध्ये उभ्या आहेत. नळीत ई. कोलाय आहेत. एकेक जेमतेम २ मायक्रोमीटर लांब. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर किती जाऊ द्यायचं, ते त्याच्या अंगावरची पटलं ठरवतात. हळदीतल्या कुरकुमीनने ही पटलं गळकी होतात का, एवढंच आज मोजायचंय.

(सेंट्रिफ्यूज फिरतोय.)

आधी जिवाणू धुऊन घेतले. मग काही वेळ कुरकुमीनसोबत ठेवले. पुन्हा फिरवून तळाशी बसवले, वरचं पाणी टाकून दिलं, आणि आता हा रंग.

(जांभळा थेंब नळीत उतरतो.)

क्रिस्टल व्हायोलेट. ग्राम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत, केलेल्या प्रत्येकाच्या बोटांना तो कधी ना कधी लागलेला असतो. पटल धडधाकट असेल तर त्याला आत शिरणं जड जातं. पटलाला इजा झाली, की भराभर शिरतो. दहा मिनिटं थांबायचं, परत फिरवायचं आणि वर उरलेलं पाणी बघायचं. जितका रंग जिवाणूंनी घेतला, तितकं पाणी फिकट.

(स्टँडवर चार नळ्या.)

पहिलीत नुसता रंग, जिवाणू नाहीत. दुसरीत साधे जिवाणू. चौथीत कुरकुमीन दिलेले. आणि ही तिसरी. कॅमेरा मी मुद्दाम इथे थांबवायला सांगितला. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमधून द्यावं लागतं. अल्कोहोल स्वतःच पटलाला त्रास देतं. म्हणून तिसरीतल्या जिवाणूंना तेवढंच अल्कोहोल दिलंय, हळदीशिवाय. ही नळी नसेल, तर अल्कोहोलचं काम हळदीच्या नावावर जमा होईल. हळदीचा गुण सांगून वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवं: तुमची तिसरी नळी कुठे आहे?

चमकणारे रंगही वापरतात. प्रोपिडियम आयोडाइड फक्त फाटक्या पटलातून आत जातो आणि डीएनएला चिकटून लाल चमकतो. पण कुरकुमीन स्वतःच चमकतं, त्यामुळे तिथे फार जपावं लागतं.

(स्पेक्ट्रोफोटोमीटरचा पडदा.)

वरच्या पाण्यात रंग किती उरला, ते हे यंत्र प्रकाश सोडून मोजतं. प्रकाशाची तरंगलांबी ५९० नॅनोमीटर. चारही नळ्यांचे आकडे वहीत उतरले. प्रत्येक नळी तीनदा.

(बंद इनक्युबेटर.)

पटल गळलं म्हणजे जिवाणू मेलाच, असं नाही. म्हणून हे जिवाणू खाद्य असलेल्या प्लेटांवर पसरून ३७ अंशांवर ठेवलेत; जिवंत असतील तेच वाढतील. औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढताहेत, नवे उपाय हवेत. प्लेटांवर जिवाणूंच्या किती वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या, ते उद्या सकाळी मोजायचं.

(वहीवर जांभळा डाग.)