संकष्टी ते अमावस्या: मृगातल्या तेजोमेघाचा फोटो

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. काही तारखांभोवती पेन्सिलीने गोल केलेले.)

दुर्बीण, कॅमेरा, मोटर हे सगळं नंतर. आधी बघायची संकष्टी.

उपास सोडणाऱ्यांसाठी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यालाही तीच वेळ हवी असते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे संकष्टीची वेळ कळली की पुढच्या प्रत्येक रात्री किती तास काळोख मिळणार याचा हिशेब मांडता येतो. वद्य अष्टमीच्या सुमाराला मध्यरात्रीपर्यंत आकाश मोकळं. अमावस्येला अख्खी रात्र आपली. शुद्ध पंचमीपर्यंतही चालतं, कारण चंद्र लवकर मावळतो. यातून पावसाळ्याचे चार महिने वजा करा. मग ढग, लग्नकार्यं आणि सोमवारचं ऑफिस वजा करा. उरतं ते फार थोडं, म्हणून एका रात्री एकच लक्ष्य. रात्रीत पाच वस्तू टिपायला जाणारा पाच कच्चे फोटो घेऊन घरी येतो.

(दृश्य: पूर्वेला मृग नक्षत्र.)

आजचं लक्ष्य मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग. खगोलप्रेमींच्या यादीत त्याचं नाव एम ४२. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना ओळखता येतो. त्याच्या दक्षिणेला एक अंधुक ओळ आहे आणि त्या ओळीत एक धूसर ठिपका. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. खोल आकाशातल्या वस्तू इवल्याशा असतात हा मोठा गैरसमज आहे. हा तेजोमेघ पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद आहे, देवयानी दीर्घिका तर जवळजवळ सहापट. त्या लहान नसतात, मंद असतात. इथे दोनशे मिलिमीटरची लेन्स पुरते, दुर्बीण लागतच नाही.

या ठिपक्याला इतिहासही आहे. ३० सप्टेंबर १८८० रोजी, न्यूयॉर्कजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेतून हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटं प्रकाश साठवून त्याचा फोटो घेतला. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. ड्रेपर शिक्षणाने डॉक्टर, खगोलशास्त्र ही त्यांची हौस. पुढच्या दशकात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी वीस इंची दुर्बीण असलेली वेधशाळा उभारली आणि याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालच्या वेधशाळेत गेली. त्या आवारात शिकलेल्या किती इंजिनिअरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

(दृश्य: जुन्नरच्या पश्चिमेकडचं पठार. जीपमधून सामान उतरतंय.)

जागा निवडताना दिशा बघावी लागते. नागपूरकरांना पेंचचं जंगल जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान ठरलं. आपल्याकडे, या पठारावर, पश्चिमेला कल्याण-मुंबईचा पिवळसर उजेड चढतो आणि दक्षिणेला पुण्याचा. म्हणून मृग पूर्वेकडून डोक्याकडे चढत असतानाच जास्तीत जास्त काम उरकायचं.

आणि गावात आधी सांगून ठेवायचं. अपरात्री नळकांडी लावून बसलेली अनोळखी माणसं कुणालाही खटकणारच.

“काय पाव्हणं, काय मोजता व्हय?”

“नाही आजोबा, ताऱ्यांचे फोटो काढतोय.”

“मंग दिवसा का आणलं एवढं सामान?”

दिवसा आणलं, कारण अंधारात स्क्रू सापडत नाहीत. शिवाय हा बिबट्याचा मुलूख आहे. इथे एकट्याने थांबायचं नाही, आणि लघवीलासुद्धा जोडीने जायचं.

(दृश्य: तिपाईवरचा ट्रॅकर, जवळून.)

सूर्य मावळला तरी पूर्ण काळोख व्हायला सव्वा तास लागतो. हा वेळ माउंट, म्हणजे कॅमेरा धरून आकाशाबरोबर फिरवणारा ट्रॅकर, जुळवण्याचा. पैसे कमी असतील तर लेन्स जुनी घ्या, कॅमेरा वापरलेला घ्या, पण माउंटमध्ये कंजुषी नको. का, ते आकड्यात बघा. दोनशे मिलिमीटरची लेन्स आणि चार मायक्रॉनचे पिक्सेल असतील, तर नुसत्या तिपाईवर मृगातला तारा एका सेकंदात साडेतीन पिक्सेल सरकतो. दोन मिनिटांच्या फ्रेममध्ये त्याची रेघ होईल. ट्रॅकरची मोटर कॅमेऱ्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने आकाशाबरोबर फिरवते. अट एकच, तिचा आस नेमका आकाशाच्या ध्रुवाकडे हवा.

इथे आपला अक्षांश आडवा येतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर. उत्तरेला एखादा डोंगर किंवा धुरकट हवा असली की तो गायब. दिसला तरी ध्रुवदर्शक, म्हणजे ध्रुवतारा बघायची ट्रॅकरमधली छोटी दुर्बीण, जवळजवळ आडवा असतो. मग गुडघे टेकून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून बघायचं. त्यातून ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाहीच; अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. म्हणून भिंगातल्या वर्तुळावर त्या वेळचं त्याचं स्थान ॲपवरून बघायचं आणि दोन्ही स्क्रू केसभर फिरवत त्याला तिथे बसवायचं. मग स्क्रू आवळायचे. आवळताना तो हमखास हलतो. पुन्हा गुडघे.

फोकस मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्यावर. लेन्सपुढे बाख्तिनोव्ह मास्क, म्हणजे फटी असलेली चकती, धरला की ताऱ्याला तीन किरण फुटतात. मधला किरण बरोबर मध्यावर आला की लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी.

(दृश्य: कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिली फ्रेम.)

आयएसओ ८००, रॉ फाइल, दोन-दोन मिनिटं. अशा नव्वद फ्रेम नंतर एकावर एक रचल्या की तीन तासांचा प्रकाश. फ्रेम चौपट केल्या की नॉइज, म्हणजे ती रंगीत खरखर, निम्मी होते. शेवटचा थोडासा फरक पाडायला म्हणूनच एवढी जागरणं. तेजोमेघाचा गाभा मात्र इतका तेजस्वी की दोन मिनिटांत पांढराफटक पडतो. त्याच्यासाठी पाच-पाच सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन नंतर जोडायच्या.

मध्यरात्रीनंतर लेन्सला दव धरतं. पुसायचं नाही, पुसलं की फोकस गेला. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा आधीपासूनच गुंडाळून ठेवायचा.

शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या डार्क, म्हणजे पूर्ण काळ्या फ्रेम. आणि उजाडताना लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम. सेन्सरवरची धूळ आणि कोपऱ्यांतली काळोखी त्यांनी वजा होते. याचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि फोटोत तो लगेच दिसतो.

(दृश्य: लॅपटॉपवर सिरिल, फ्रेम एकत्र करणारं सॉफ्टवेअर. राखाडी चित्रातून गुलाबी पंख उघडतात.)

रंग खरे का? डोळ्यांना दुर्बिणीतूनही हा ढग राखाडी-हिरवटच दिसतो, कारण मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. हायड्रोजनचा लाल प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा, तिथे आहेच. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, म्हणून काही जण तो काढून घेतात. पहिल्याच वर्षी कॅमेऱ्याची अशी चिरफाड करू नये. सिरिल फुकट मिळतं, त्यावर आधी हात बसू द्यावा. रंग खोटे होतात ते स्लायडर शेवटपर्यंत ओढणाऱ्यांच्या हातून.

फेब्रुवारीच्या अमावस्येला काढलेल्या फ्रेम याच फोटोत मिसळता येतात. पुढच्या वर्षीच्याही. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सुमारे तेवीस अंशांपर्यंत चढतो. लंडनच्या हौशी लोकांच्या तो क्षितिजावरही येत नाही. जून लागला की लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात असाल तर दुप्पट पुड्या, नाहीतर गणपतीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी.