किनाऱ्याची क्षमता मेमधल्या विहिरीत मोजा
(सोलापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

संयोजकांनी विषय भारदस्त दिलाय, ‘किनारी व बेटांवरील शाश्वत पर्यटन’. सोलापुरात हा विषय कशाला, असं मघाशी दारातच एकानं विचारलं. अहो, मेमध्ये तारकर्लीला जाऊन बघा, एमएच-१३च्या गाड्या मोजता मोजता दमाल! (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की किनाऱ्यावर किती पर्यटक घ्यायचे हे खोल्या मोजून ठरवू नका. मेमध्ये गावच्या विहिरीत काय उरतं ते बघा.

देवबागचं सांगतो. तारकर्लीच्या पुढं, एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूचा चिंचोळा पट्टा. आम्ही ज्यांच्याकडं उतरलो त्या काकूंनी चहाबरोबरच बजावलं, ‘पाणी जरा जपान वापरा.’ आमच्यातला एक गडी म्हणाला, ‘काय ओ काकू, समोर एवढा समुद्र हाय की!’ आता या गृहस्थाच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गच्चीवर दोन टाक्या, मोरीत पिंप, पाहुण्याला बादली अर्धीच. आणि तिथं? समुद्रात डुंबला की आंघोळ, स्कूबा झालं की आंघोळ, रात्री उकडतंय म्हणून पुन्हा आंघोळ, वर शॉवरखाली नाट्यगीत! (तिसऱ्या रांगेत बसलेत, वळून बघू नका.) शेवटी काकूंनी पंपच बंद केला. शेजारच्या लॉजनं बोअर मारल्यापासून त्यांच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं, डाळ शिजत नाही.

आपल्याकडं पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथं दोन हजारांच्या वर. तरी ही गत. कारण वाळूत मुरलेलं गोडं पाणी खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर आमटीवरच्या तरीसारखं तरंगतं. कागदावरचा हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर. म्हणजे उपशानं वरची पातळी थोडी उतरली, की खालचं खारं कितीतरी पटीनं वर सरकतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! अजून बेटांवर पोचलोच नाही. बरं, पटापट.

२०१६ मध्ये आपल्या कुर्डुवाडीवरून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवतंय? त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, खाऱ्याचं गोडं करणारा प्रकल्प आगीनं बंद पडला, तेव्हा भारतानं विमानानं पाणी पाठवलं. फिलिपिन्सनं सांडपाण्यापायी बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद ठेवलं. आणि आपण? २०१९च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणायची वाट मोकळी केली. माझ्या मते हे उलटं आहे.

मला पटतं ते वेळासचं. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्याच घरी राहतात, जेवतात. हंगामही मेच्या गर्दीआधीचा.

तेव्हा ग्रामपंचायतीनं मेमधली विहिरींची पातळी आणि खारेपणा फलकावर लावावा, त्यावरून गावातल्या खाटा ठरवाव्यात. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या लॉजला नवी खोली नाही. मच्छीमारांच्या जागेचं राहिलंच, प्रवाळाचंही, प्रश्नोत्तरांत विचारा. हो हो, बसतो.