पहिला पैसा मोजणीला

नमस्कार श्रोतेहो. जेवणं झाली असतील. नसतील झाली, तर ताट घेऊन इकडेच बसा आणि रेडिओ जरा मोठा करा.

आज घरकुलाबद्दल बोलायचं आहे. अर्ज कसा भरायचा ते नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आपल्या विदर्भात तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायती गेल्या आणि नगरपंचायती आल्या. पाटी बदलली, घरपट्टी वाढली आणि घरकुलाची योजनाही शहराची लागू झाली. गावाच्या घरकुलाला १ लाख २० हजार मिळायचे, शहराच्या घरकुलाला अडीच लाख. दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. मग लोक विचारतात, यात नगरपंचायतीनं काय करायचं? तिच्या पेटीत असतं किती? थोडंच असतं. पण ते थोडं आधी कुठे घालायचं, हे तर तिच्याच हातात आहे ना? माझं उत्तर ऐका. पहिला पैसा मोजणीला. पुन्हा सांगतो, पहिला पैसा जागेच्या मोजणीला.

मी नगरपंचायतीच्या बांधकाम विभागात होतो तेव्हाची गोष्ट. नाल्याकाठच्या वॉर्डात एक म्हातारी राहायची, सगळा वॉर्ड तिला बुढीमाय म्हणायचा. कुडाच्या भिंती, वर कवेलू, कवेलूवर ताडपत्री आणि ताडपत्री उडू नये म्हणून विटांचे तुकडे. आता कवेलूचं निघालंच म्हणून सांगतो, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की या कवेलूच्या घरात माणूस झोपू शकतो. आपण बांधतो त्या स्लॅबखाली रात्री बारालाही भिंतीला हात लावून बघा. पण हे इंजिनिअरानं बोलायचं नसतं.

तर घरकुलाच्या यादीत बुढीमायचं नाव आलं. ती डबाभर चिवडा घेऊन ऑफिसात आली. लिपिकानं विचारलं, "माय, जागेचा कागद?" तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढला. घरपट्टीच्या पावत्या, सुतळीत ओवलेल्या. सगळ्यात खालची १९८४ची, आणि मधलं एक वर्ष चुकलेलं नाही. लिपिक म्हणाला, "घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही माय. ही जागा नझूलची, म्हणजे सरकारची आहे. तिचा हक्काचा कागद, म्हणजे पट्टा, नाही तर घरकुल नाही." बुढीमायनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं कसं जी साहेब? पैसे घेताना घर माह्यं, अन् देताना जागा सरकारची?"

लिपिकानं रजिस्टर मिटलं. मी चिवडा खाऊन बसलो होतो, मला तर मानच वर करता येईना.

पट्टा द्यायचा तर आधी मोजणी हवी, आणि मोजणीची फी आधी भरायला हवी. कोणी भरायची? पट्टा नसलेल्या मजुरानं? बजेटमध्ये त्यासाठी एक ओळ होती. ती त्या वर्षी गावाबाहेरच्या कमानीकडे वळली. कमान अजून आहे. तिच्याखालून ट्रक जाताना ड्रायव्हर अजून मान वाकडी करून वर बघतो. तिच्या नुसत्या रंगात आमच्या वॉर्डाची मोजणी झाली असती.

पुढे दोन वर्षांनी अख्ख्या वॉर्डाची फी नगरपंचायतीनं स्वनिधीतून भरली. भर मे महिन्यात मोजणीवाले आले. सकाळी सहालाच मशीन लावलं, पण नकाशा काही जमिनीवर बसेना. हद्दीचा जुना दगड सापडल्याशिवाय मोजणी पुढे जात नव्हती. दोन दिवस शोधला. कोणी म्हणे नाल्याच्या पुरात गेला, कोणी म्हणे कुणाच्या तरी पायव्यात असेल. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मशीनच्या तिपाईला हात लावला तर चटका बसत होता. मी पाणी मागायला बुढीमायच्या घरी गेलो. मागून आवाज येत होता, धप, धप, धप. बुढीमाय न्हाणीत लुगडं आपटत होती. आणि आपटत होती कशावर? जमिनीतून वीतभर वर आलेल्या दगडावर. मी म्हटलं, माय, जरा थांब. लुगडं बाजूला केलं, कुच्यानं साबणाचा थर घासला, तर वर फुलीसारखी खाच.

"हा?" बुढीमाय म्हणाली. "हा तं माह्या सासूपासून हाय. हालत नाही म्हून तं यावर धुतो."

अर्ध्या तासात नकाशा बसला. बुढीमायची न्हाणी दोन हात रस्त्यात निघाली, तेवढी गेली. पण मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा आला, पट्टा आला, पट्ट्यावर तिचं नाव आलं. मग जोतं, लिंटेल, स्लॅब, प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो आणि फोटोमागून हप्ता.

गोष्टीतच वेळ गेला, बाकीचं भराभर सांगतो. सरकारी जागेवरची २०११च्या आधीची राहती घरं नियमात बसवण्याचा राज्याचा निर्णय २०१८चा आहे. तो वापरायचा तर मोजणी हवीच. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीची भानगड वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ला सांगितलं की ही जमीन वनच, मात्र १२ डिसेंबर १९९६पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राची मंजुरी मागावी. म्हणजे तिथेही आधी कागद, कोणाची जागा, किती, केव्हापासून.

दुसरा पैसा नालीला. आपल्याकडे आधी सिमेंटचा रस्ता होतो, मग त्यावर दुसरा आणि गरिबाचं नवं घर दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या खाली जातं. आधी नाली, मग रस्ता. रस्त्याला नारळ फुटतो, नालीला कोणी फोडत नाही, म्हणून हे उलटं चालतं.

नगरपंचायतीचं बजेट फेब्रुवारीत सभेपुढे येतं. त्याआधी नगरसेवकाला गाठा आणि एवढंच विचारा, मोजणीच्या ओळीत यंदा किती टाकले? कमान, सेल्फी पॉइंट, ती रंगीत इंग्रजी अक्षरं, त्याचं नंतर बघू.

मागच्या दिवाळीत बुढीमायकडे फराळाला गेलो होतो. आत फरशी लावलेलं बाथरूम आहे, नळ आहे. बुढीमाय मात्र बाहेर, रस्त्याच्या कडेला, त्याच दगडावर गोधडी आपटत होती. मला बघून म्हणाली, "साहेब, हा गोटा सरकारी निघाला म्हन्ते. मंग याची घरपट्टी कोन भरन?"

माझी वेळ झाली. नमस्कार.