संमती

(दृश्य: सिद्धेश्वर तलाव, पहाट)

संक्रांतीच्या यात्रेत या संमती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, ७ नंदीध्वज आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानी पडताच उधळल्या जाणाऱ्या अक्षता. सिद्धेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्येचं हे लग्न. अक्षतांआधी संमती वाचायची, हे सोलापुरात पोरासोरांनाही ठाऊक.

बहाई लग्नाचं घोडंही याच शब्दापाशी अडतं. दिल्लीचं लोटस टेंपल ज्यांचं, ते हे बहाई. मुलगा-मुलगी एकमेकांना स्वतः निवडतात. मग दोघांच्याही हयात आईवडिलांची संमती लागते. ते हिंदू असोत, मुसलमान असोत की नास्तिक. नवरदेव चाळिशीचा असला तरी सुटका नाही. दोन घरांत जिव्हाळा राहावा म्हणून बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांनी १८७३ च्या ‘किताब-ए-अकदस’ या नियमग्रंथात ही अट घातली. पण जातीसाठी अडून बसलेल्या बापाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जायचं, आणि तो नाहीच म्हणाला तर थांबायचं? मला तरी हे जड वाटतं.

होकार आला की विधी मिनिटभराचा. पुरोहितवर्गच नाही, त्यामुळे भटजी नाही. २ साक्षीदारांसमोर दोघं आळीपाळीनं म्हणतात, ‘आम्ही सर्व ईश्वराच्या इच्छेनुसार वागू.’ बाकी शालू, वरात, जेवणावळ ज्याची त्याची हौस.

(दृश्य: यंत्रमागावरचं पांढरं सूत)

बहाई देह जाळत नाहीत, पुरतात. लिंगायतांच्या या शहरात त्याचं नवल नाही. सुती किंवा रेशमी कापड, बोटात अंगठी. तिच्यावर कोरलेलं असतं की मी देवाकडून आलो, त्याच्याकडेच परत जातोय. रोजची नेमाची प्रार्थना ज्यानं त्यानं एकट्यानं करायची; मृतासाठीची तेवढी सगळ्यांनी मिळून. एकजण म्हणतो, बाकीचे उभे राहतात.

बहाई म्हणतात, पोटातल्या बाळाला हातपाय फुटतात, डोळे येतात. तिथं त्यांचं काही काम नसतं. इथली माया, इथला खरेपणाही तसाच, पुढच्या जगासाठी वाढवलेला.

कठीण नियम पुढेच आहे. मृत्यू झाला तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यायचा नाही. सोलापूरची कितीतरी पोरं पुण्यात, सुमारे २५० किलोमीटरवर. आपल्याकडे रात्रीतून गाडी करून माणूस गावी आणतात. बहाई घरात गाडी उलटी निघते. आईवडीलच पुण्याला जातात.