वीस पोरांचा एकच शत्रू

(दृश्य: ग्वाल्हेर, कंपूचं क्रीडा संकुल. सकाळ. टर्फवर पाणी मारलं जातंय.)

हॉकीच्या बाबतीत ग्वाल्हेरकरांना कुणी शहाणपण शिकवू नये. ध्यानचंद यांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंग याच गावात राहिले. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेचा २४–१ असा फडशा पाडला, त्यातले १० गोल एकट्या रूपसिंगांचे.

आजची गोष्ट मात्र त्या हरलेल्या देशातली, आणि बर्फावरच्या हॉकीची आहे. चेंडूऐवजी रबरी चकती, पायात स्केट्स. खेळ परका असला तरी या गोष्टीतले कोच आपल्या मैदानावरच्या कुठल्याही पोराला ओळखीचे वाटतील.

हर्ब ब्रूक्स. जन्म १९३७, मिनेसोटा. १९६० च्या ऑलिंपिक संघातून अगदी शेवटच्या क्षणी त्यांचं नाव कापलं गेलं, आणि त्या संघानं सुवर्णपदक आणलं. ब्रूक्स घरी टीव्हीसमोर बसले होते. शेजारी वडील. कोचनं योग्य माणूस काढला म्हणायचा, असं वडील म्हणाले, असा किस्सा सांगतात. बापाचं बोलणं असं, तर मुलगा मवाळ कुठून होणार?

१९७२ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठाचे कोच झाले. संघ तळाला होता. १९७४, ७६ आणि ७९, अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवून दिली. मग १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ हाती आला.

(दृश्य: रिकामं रिंक. वरून.)

सप्टेंबर १९७९, ऑस्लो. नॉर्वेसारख्या दुबळ्या संघाशी सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. काही खेळाडूंचं लक्ष खेळापेक्षा प्रेक्षकांतल्या मुलींकडे जास्त होतं. सामना संपला, पण ब्रूक्सनी कुणाला बर्फावरून हलू दिलं नाही. सगळ्यांना गोलरेषेवर उभं केलं. तिथून जवळच्या निळ्या रेषेपर्यंत जोरात जायचं, परत यायचं. मग मधल्या लाल रेषेपर्यंत, परत. मग पलीकडची निळी रेषा, परत. शेवटी समोरची गोलरेषा, आणि परत. आपल्याकडच्या शटल रनचाच हा प्रकार, खेळाडू त्याला ‘हर्बी’ म्हणत. एक झाली की शिट्टी. पुन्हा. रिंकवरच्या माणसांनी दिवे घालवले, तरी अंधारात शिट्टी चालूच. एकानं संतापून स्टिक कठड्यावर आपटून मोडली.

हा नुसता राग होता असं मला वाटत नाही. वीस जणांच्या अंतिम संघात नऊ जण ब्रूक्सच्याच विद्यापीठाचे, चार बॉस्टन विद्यापीठाचे. या दोन कॉलेजांची १९७६ मध्ये बर्फावरच तुंबळ हाणामारी झाली होती, आणि वैर अजून जिवंत होतं. ही पोरं एकमेकांना शिव्या घालण्यापेक्षा मिळून आपल्याला घालतील, तर बरं, हा ब्रूक्सचा हिशेब. समजूत काढायला सहायक कोच क्रेग पॅट्रिक होते. ब्रूक्सनी त्यांना आधीच बजावलं होतं: दरडावायचं काम माझं, मनं सांभाळायचं तुमचं.

फेब्रुवारी १९८०, ऑलिंपिकचं गाव लेक प्लॅसिड. पहिलाच सामना, स्वीडनशी. रॉब मॅक्लॅनहनच्या मांडीला जबर मुका मार लागला. खेळल्यानं दुखणं वाढणार नाही, एवढं डॉक्टरांकडून कळल्यावर ब्रूक्स मध्यंतरात त्याच्यावर तुटून पडले, सगळ्यांसमोर त्याला भित्रा ठरवलं. पोरगा चवताळून अंगावर धावला, इतरांनी आवरलं. आणि मग तो खेळला. मांडी आखडू नये म्हणून बाकावर बसायचंही टाळून, उभा राहून. अखेर २७ सेकंद उरली असताना अमेरिकेनं बरोबरी साधली.

मला हे दृश्य आवडत नाही. निकाल उलटा लागला असता, तर याच प्रसंगावरून ब्रूक्सना क्रूर म्हटलं असतं. पण खेळाडूंची दमछाक किती करायची, सोव्हिएत पद्धतीची पासिंगची चाल अमेरिकी मुलांना कशी शिकवायची, यासाठी त्यांनी घेतलेली मेहनत बाजूला ठेवून फक्त ओरडणं उचलणारे कोच आपल्याकडेही कमी नाहीत.

२२ फेब्रुवारी १९८०. तेराच दिवसांपूर्वी ज्या सोव्हिएत संघानं १०–३ असं लोळवलं होतं, त्याला या पोरांनी ४–३ असं हरवलं. दोन दिवसांनी फिनलंडला हरवून सुवर्ण. (त्याच वर्षी मॉस्कोत आपणही हॉकीचं सुवर्ण जिंकलो, अंतिम सामना ४–३ नेच.) सोव्हिएतांवरच्या विजयानंतर सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि ब्रूक्स थेट आत निघून गेले.

२००२ च्या ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या संघासाठी त्यांना पुन्हा बोलावणं आलं. बोलावणारे होते क्रेग पॅट्रिक. ब्रूक्सच्या तोंडाचा मार खाल्लेल्या पोरांची समजूत काढण्यात ज्यांनी अख्खा मोसम घालवला होता, त्यांनीच.