घर तुमचं झालं, घरातलं कपाट कोणाचं?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी आपण घर विकत घेताना रजिस्ट्रीपर्यंत, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीपर्यंत, आलो होतो, आज त्याच्या पुढचं बोलू, कारण वकिली करताना मी बघते की लोक रजिस्ट्री झाली की पेढे वाटतात आणि फाइल कपाटात टाकून मोकळे होतात, आणि ओढाताण नेमकी तिथून सुरू होते.

दोन-तीन गोष्टी पटकन सांगते, मग मला एक घडलेली हकीकत सांगायची आहे.

पहिली, थकबाकी. संपत्ती हस्तांतरणाचा कायदा 1882चा, त्याच्या कलम 55प्रमाणे विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर विकणाऱ्यानं भरायचे. पण विजेचं तसं नाही हं. 2023मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला कनेक्शन नाकारू शकते. म्हणून वीज, नळ, संपत्तिकर, तिन्हीच्या शेवटच्या पावत्या रजिस्ट्रीच्या आधी हातात घ्या. आधी, नंतर नाही.

दुसरी, नामांतरण, म्हणजे सरकारी दप्तरात जुन्या मालकाच्या जागी तुमचं नाव चढवणं. निगममधे, म्हणजे महापालिकेत करा, जमिनीची नोंद असेल तर तहसीलमधेही करा, पण नामांतरण म्हणजे मालकी नाही. 2021मधे आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे परत सांगितलंय, ती नोंद कर-वसुलीपुरती. मालकी येते रजिस्ट्रीच्या कागदानं, आणि त्याच्या मागच्या जुन्या कागदांच्या साखळीनं. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती हकीकत. माझ्या ओळखीतलं एक जोडपं, दादा आणि वहिनी म्हणू आपण. त्यांनी लोकमान्य नगरात जुनं बैठं घर घेतलं, पुढे ओटा, मागे कडुनिंब. ओट्यावरून आठवलं, आता नवीन घरांना कोणी ओटा ठेवतच नाही, सगळी जागा कारला जाते आणि मग आपण म्हणतो शेजारी बोलत नाहीत, अहो बसणार कुठे आणि बोलणार कुठे? मला मनापासून वाटतं की नकाशा पास करताना ओटा सक्तीचा करावा. असो.

तर विकणारे काका एकटे, पत्नी गेलेल्या, मुलाकडे पुण्याला निघाले. जाताना मागच्या खोलीत लोखंडी कपाट, दोन ट्रंका, पितळी भांडी, देवघर असं सगळं ठेवलं, कुलूप लावलं आणि म्हणाले, दिवाळीला येऊन नेतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका फोन उचलेनात. शेवटी मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, अहो द्या टाकून, आम्हाला काय करायचंय त्याचं. इकडे वहिनींचे सासू-सासरे राहायला येणार, खोली हवी. दादांनी कबाडीवाल्याला सकाळची वेळ देऊन टाकली, आणि रात्री वहिनींचा मला फोन, ताई, हे बरोबर आहे का?

मी म्हटलं, कबाडीवाल्याला आधी नाही म्हणा. घर तुमचं झालं, घरातलं सामान तुमचं झालं नाही. परत सांगते, घर तुमचं झालं, सामान नाही. आणि मुलगा म्हणाला टाका, पण मुलगा मालक कुठे आहे, मालक काका आहेत.

मग शेजारच्या दोन घरांतून एकेक जण बोलावला, व्हिडिओ काढला, एकेक वस्तूची यादी केली. कपाट उघडलं नाही. कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकांच्या पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं नोटीस, तीच व्हॉट्सॲपवर, महिन्याची मुदत. कायद्यात ठरावीक दिवस लिहिलेले नाहीत, मुदत वाजवी हवी.

काकांचं उत्तर नाही आलं. आली त्यांची मुलगी, ग्वाल्हेरहून, तिथल्या लश्कर भागात दिलीय तिला. दारातच म्हणाली, आईच्या पाटल्या त्या कपाटात होत्या.

दादांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मी म्हटलं, ताई, आधी बसा, व्हिडिओ बघा. पट्टी बघा, सह्या बघा, सगळं जसंच्या तसं. किल्ली कोणाकडेच नव्हती, चावीवाला बोलावला, त्याच शेजाऱ्यांसमोर कपाट उघडलं. आत आईचा शालू, सोवळ्याची साडी, फोटो. पाटल्या नाहीत. तिनं तिथूनच भावाला फोन लावला, तर पाटल्या पुण्याला बँकेच्या लॉकरमधे. ती रडायलाच लागली, वहिनी तिच्याजवळ जाऊन बसल्या.

आणि खालच्या कप्प्यात, फडक्यात बांधलेली एक फाइल. त्या घराची जुनी मूळ रजिस्ट्री! जी हरवली म्हणून काकांनी शपथपत्र दिलं होतं, जिच्यापायी बँकेनं दादांना पेपरात जाहीर सूचना द्यायला लावली, नकला काढायला लावल्या, तीच. साखळीतली निसटलेली कडी. पूर्ण किंमत दिली की मालकीचे कागद घेणाऱ्याला द्यायचे, हेही त्याच कलम 55मधे आहे. तिनं फाइल दादांना दिली. काकांकडून 'सामान मुलीला द्यावं' असं व्हॉट्सॲपवर लिहून मागवलं, यादीवर तिची सही घेतली आणि ती टेंपो करून सगळं घेऊन गेली, देव मात्र मांडीवर घेऊन बसली. देव असे कुलपात सोडून जाऊ नये हो कोणी, नेता येत नसतील तर कोणाच्या तरी हाती सोपवून जावं.

हे सामान कबाड्याकडे गेलं असतं तर कागद गेलाच असता, वर पाटल्यांचा आळ. दुसऱ्याची वस्तू बेईमानीनं आपली केली किंवा विकून टाकली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता जे घर घेताय त्यांनी इसारपत्रातच, म्हणजे रजिस्ट्रीच्या आधीच्या करारातच, लिहून घ्या की ताबा रिकामा मिळेल, आणि अमुक तारखेनंतर सामान राहिलं तर त्याचं काय करायचं. दारं, खिडक्या, कुलपं, किल्ल्या घराबरोबर येतात, ते संपत्ती हस्तांतरणाच्या कायद्याच्याच कलम 8मधे आहे. पंखे, गीझर, झोपाळा यावर मात्र भांडणं होतात. झोपाळ्याच्या कड्या घराच्या म्हणाल, पण फळी कोणाची? तेही लिहा.

आणि ज्यांच्या घरात आज अशी बंद खोली आहे त्यांनी यादी, व्हिडिओ, साक्षीदार, नोटीस या क्रमानं जा. नोटिशीला उत्तर नाही आलं आणि सामान किमती दिसत असेल तर विकू नका, वकिलाकरवी कोर्टात जा. पुढच्या वेळी वडिलोपार्जित घर आणि बहिणीची सही यावर बोलू. नमस्कार.